बिऱ्हाड हलले म्हणून मत का बुडावे?



दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. धडधाकट माणसे लेकराबाळांसह वसई, विरार, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पालघर जिल्ह्यात या जाण्याला 'जगायला जाणे' म्हणतात. भाताचे एक पीक निघाले की पुढे शेत पोट भरू शकत नाही, म्हणून पाऊस पडेपर्यंत बिऱ्हाड भट्टीवर.

आपल्या कोरडवाहू मुलखात हे कोणाला समजावून सांगायला नको. बीडचा ऊसतोड्या कोयता घेऊन निघतो, मेळघाटचा कोरकू कामासाठी खाली उतरतो, आणि कापसाला भाव नाही म्हणून घर सोडलेला आपलाच पोरगा नालासोपाऱ्याच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. शेती तोट्यात गेली की गाव सुटते, हे आपण सभेसभेत बोलतो. गावाबरोबर त्या माणसाचे मतही सुटते, हे मात्र कोणी बोलत नाही.

वसई-विरारकडे पाहिले म्हणजे हे मत कसे सुटते ते कळते. भट्टीवरच्या कातकरी-वारली मजुराचे नाव असते मोखाड्याच्या यादीत आणि अंग असते विरारच्या भट्टीवर. हंगामाआधी घेतलेली उचल फिटायची असते. मतासाठी गावी जायचे तर नवराबायकोची दोन दिवसांची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. हा खर्च करणार कोण? मग मतदानाच्या आदल्या रात्री कोणाची तरी गाडी येते. गाडी त्याची, जेवण त्याचे, म्हणून बटणही त्याचेच! ज्याला स्वतःच्या पायाने मतदानाला जाता येत नाही, त्याचे मत आधीच गहाण पडलेले असते. 'मजूर पैसे घेऊन मत देतो' असे नाक मुरडणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

दुसरी तऱ्हा कायमच्या वस्तीला आलेल्यांची. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते, खोलीमालक कागद देत नाही, आणि पहाटेची लोकल धरणाऱ्याला यादी पाहायला सवड नाही. घरच पडले तर आणखी हाल. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या, ते काम २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चालले. इमारत बेकायदा असेल, तिच्यात राहणारा मतदार बेकायदा नव्हता. पण यादीतला पत्ता पुसला गेला की माणूस 'सापडत नाही' म्हणून नाव कापायला मोकळीक मिळते.

कायदा काय म्हणतो? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की, माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने तो तिथला रहिवासी उरत नाही असे होत नाही. कलम २२ सांगते की, राहण्याचे ठिकाण सोडले म्हणून नाव कापायचे असेल तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ज्याला घरच नाही त्याचेही नाव लागते. तो जिथे झोपतो तिथे अधिकाऱ्याने रात्री जाऊन खात्री करावी, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे धंद्या-कारखान्यातल्या मजुराला, रोजंदारीवाल्यालासुद्धा, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे. ती न देणाऱ्या मालकाला दंड किती? फार तर पाचशे रुपये! म्हणजे कायदा मजुराच्या बाजूने बोलतो, पण तो भट्टीपर्यंत पोहोचवणारा कोणी नाही.

सरकार पोहोचवील म्हणून वाट पाहू नका. परगावी राहून आपल्या मतदारसंघात मत देता यावे यासाठीचे यंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला काढले. ते मतदानाला काही आले नाही. उलट बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. मयत आणि दुबार यांच्याबरोबर 'कायमचे बाहेर गेले किंवा सापडले नाहीत' अशांचा मोठा भरणा त्यात होता. गळालेली नावे कारणांसह जाहीर करा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले. दुबार आणि मयत नावे काढलीच पाहिजेत. पण तो चाळणा लावताना पोटासाठी बाहेर गेलेला माणूस कोंड्याबरोबर उडता कामा नये.

इथे गावच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. दहा वर्षे विरारला राहणाऱ्याचे नाव गावच्या यादीत अडकवून ठेवायचे आणि पाच वर्षांनी गाडी पाठवून त्याला आणायचे, ही त्याची सेवा नव्हे. त्याचे पाणी, गटार, मुलांची शाळा तिकडे आहे. वसई-विरार महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधली साडेपाच वर्षे दाद मागायला नगरसेवकच नव्हता. आता निवडणूक झाली, तर त्या माणसाचे मत तिथेच हवे. जो कायमचा गेला त्याचा नमुना ८ भरून नाव तिकडे हलवा. जो हंगामापुरता गेला त्याचे नाव गावातच राखा. दोन्हीकडे नाव ठेवणे हा गुन्हा आहे, त्या भानगडीत पडू नका.

मग करायचे काय? प्रत्येक गावशाखेने दसऱ्याआधी एक वही घालावी. कोण बाहेर जाणार, कुठे, कोणत्या मुकादमाकडे, परत कधी, हे तीत लिहावे. यादी चावडीवर मोठ्याने वाचावी. बाहेर गेलेल्याचे नाव कापायची नोटीस आली तर तो हंगामी गेला आहे हे ग्रामस्थांनी लेखी सांगावे. अठरा वर्षे पुरी झालेल्यांसाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, तेव्हा जाण्याआधीच नमुना ६ भरून घ्यावा. सोबत मतदार कार्ड किंवा फोटोचे जॉबकार्ड, पासबुक द्यावे. पंच्याऐंशी वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय लोकसभा-विधानसभेला आहे. तिचा नमुना १२ड मुदतीत भरावा. गाडी लागलीच तर ती गावाच्या वर्गणीची असावी, आणि बसणाऱ्याला 'कोणाला?' असे विचारू नये.

शेवटचे आपल्याच बांधावरचे. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. ऊस गाळप १५ तारखेपासून धरलेले, आणि आपल्याकडे कापूस वेचणी ऐन भरात. साखर कारखान्याने तोड थांबवावी, भट्टीमालकाने सुट्टी द्यावी, असे आपण म्हणणार. मग आपल्या वेचणीच्या बायांना त्या दिवशी सकाळी मोकळे करून मजुरी देणार की नाही? कायद्याचा शिपाई आपल्या शेतात येणार नाही, म्हणूनच हे आपणहून करायचे आहे. कापूस एक दिवस बोंडात राहिला तर फारसे बिघडत नाही. बुडालेले मत पाच वर्षे परत येत नाही.

जिल्हा बैठकीला येताना गावची वही सोबत आणा.