करुणा वंदनेपुरती नको : पोशीरच्या वाड्यांतल्या शाळा आणि शिक्षकांना सांभाळण्याचा प्रश्न

5 डिसेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी शाळा बंद आंदोलन केले. त्याच्या आदल्या दिवशी, 4 डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात गुंतलेल्या बीएलओंबाबत राज्यांना सांगितले की जादा कर्मचारी द्या, माणसांवरचा ताण कमी करा. त्याआधीच्या महिन्यात इतर राज्यांतून बीएलओंच्या मृत्यूच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या होत्या. त्यांत शाळेतले शिक्षकही होते.

या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. आम्हाला मात्र त्या एकाच प्रश्नाच्या वाटतात. मुलांना माणुसकी शिकवावी अशी ज्यांच्याकडून अपेक्षा आहे, त्यांच्याशी शाळेत माणुसकीने कोण वागते? शिक्षकांना, सेविकांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना सांभाळून घेण्याची जबाबदारी कोणाची? आणि बौद्ध तरुण म्हणून या प्रश्नाशी आपला संबंध काय?

मुख्याध्यापक नसलेली शाळा

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. गावाभोवती कर्जत तालुक्याच्या डोंगरकुशीत ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या पसरलेल्या आहेत. अशा वाड्यांतली जिल्हा परिषदेची शाळा बहुधा दोन शिक्षकांची असते. चार-पाच इयत्ता, दोन खोल्या, एक पोषण आहाराची चूल.

अशा शाळेला मुख्याध्यापकाचे मंजूर पद बहुधा नसते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी पट 150 च्या वर गेला, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. सहावी ते आठवीसाठी ही अट 100 च्या वरची आहे. त्यामुळे वाडीवरच्या शाळेत जो ज्येष्ठ, त्याच्याकडेच प्रभार येतो. वर्गही त्यानेच शिकवायचा, युडायसची माहितीही त्यानेच भरायची, तांदळाचा हिशोबही त्यानेच ठेवायचा आणि सहकाऱ्याची अडचणही त्यानेच समजून घ्यायची. माणसे कशी सांभाळावीत हे त्याला शिकवलेले नसते. वरून येतात ती फक्त 'आजच्या आज माहिती सादर करा' अशी पत्रे.

त्यातच 15 मार्च 2024 चा संच मान्यतेचा शासन निर्णय आला. सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की त्या वर्गांना नियमित शिक्षक नाही, असा त्याचा परिणाम आहे. मोजले जातात ते आधार पडताळणी झालेले विद्यार्थी. कातकरी कुटुंबांतल्या अनेक मुलांची कागदपत्रे अपुरी असतात आणि पावसाळा संपला की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर निघून जातात. मूल वर्गात बसलेले दिसते, पण यादीत मोजले जात नाही. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि सगळ्यांत आधी जाब विचारला जातो तोही शिक्षकालाच.

या सगळ्यावर 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा संपेल. पंधरा-वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला रात्री पुस्तक उघडून बसावे लागते आहे. परीक्षेला आमचा विरोध नाही. गुणवत्तेची मागणी आपल्या समाजाने नेहमीच केली आहे, कारण निकृष्ट शाळेचा फटका आपल्याच मुलांना बसतो. पण मनात अशी भीती बाळगून वर्गात उभ्या असलेल्या माणसाला त्याच दिवशी आणखी तीन अहवाल मागायचे की नाहीत, हे न्यायालय ठरवत नाही. ते शाळेत, केंद्रात आणि पंचायत समितीत ठरते.

सिगालाला सांगितलेली पाच कर्तव्ये

राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सहा दिशांना नमस्कार करत होता. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे. त्यांच्याबाबत मालकाची पाच कर्तव्ये बुद्धांनी सांगितली : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात सेवा करणे, चांगले मिळाले तर वाटून खाणे आणि वेळोवेळी विश्रांती देणे. दीघ निकायातल्या या सुत्ताला गृहस्थांचा विनय म्हटले जाते.

आज शाळेत कोणी मालक नाही आणि कोणी दास नाही, संविधानाने ते नाते मोडले. तरीही ही पाच कर्तव्ये शाळेच्या कामाला लावून पाहिली, तर करुणा म्हणजे नेमके काय करायचे हे स्पष्ट होते.

पहिले, शक्तीप्रमाणे काम. नवीन आला म्हणून सगळे ऑनलाइन काम शिक्षण सेवकाच्या गळ्यात घालणे आणि बाई म्हणून हळदीकुंकवापासून स्वागतगीतापर्यंत सगळे शिक्षिकेवर टाकणे अनेक शाळांत चालते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. हे कलम सहकाऱ्यांच्या वतीने वर मांडणे, हे प्रमुखाचे काम आहे. कामांची यादी भिंतीवर लावून सर्वांसमोर वाटणी केली, तर अर्धी कुरबुर तिथेच थांबते.

दुसरे, वेतन. शिक्षण सेवकाला तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. 2023 मध्ये वाढ होऊनही प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन 16,000 रुपये आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला 2,500 रुपये मिळतात, तेही वेळेवर मिळतीलच असे नाही. मार्च 2025 मध्ये बीड जिल्ह्यात आश्रमशाळेतील एका शिक्षकाने अनेक वर्षे पगाराविना काम केल्याचे लिहून ठेवून आत्महत्या केली. अशा ठिकाणी गोड बोलणे पुरेसे नसते. बिल वेळेत पाठवणे, थकलेल्या मानधनासाठी पत्रावर पत्र लिहिणे, ही करुणेचीच कामे आहेत. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन दिले, तेव्हा शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक घ्यावेत आणि त्यांचा पगार किमान 12 रुपये असावा, असे त्यांनी आकड्यानिशी मांडले होते. शिक्षकाचा मान त्याच्या पगारापासून वेगळा काढता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

तिसरे, आजारपण. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः धुतले आणि संघाला विचारले की तुम्ही एकमेकांची सेवा करणार नाही, तर कोण करणार? विनयपिटकातली ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. याच कर्जत तालुक्यातल्या कोंढाण्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूसंघ राहत होता, तेव्हाही हाच नियम त्याला लागू होता. आजच्या शाळेत याचा अर्थ साधा आहे. रजेचा अर्ज आला की संशय आधी नको. शिक्षिकांसाठी वापरता येईल असे, पाणी असलेले स्वच्छतागृह हवे. वैद्यकीय बिलाची फाइल सहा महिने टेबलावर पडून राहू नये. गप्प गप्प राहणाऱ्या सहकाऱ्याला एकांतात 'बरं आहे ना?' असे विचारणारे कोणीतरी हवे. 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केले. त्यांची करुणा अशी कायद्यात उतरत होती.

चौथे, वाटून खाणे. शाळेला पुरस्कार मिळाला की फोटोत कोण असते? सेविका आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे नाव समारंभात घेतले जाते का? डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग इथल्या शाळेत दलित स्त्रीने शिजवलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून काढण्यात आले. देशभर आवाज उठल्यावर तिला परत घ्यावे लागले. अशा वेळी शाळेचा प्रमुख ताट घेऊन पहिल्या पंगतीला बसला पाहिजे. जिथे जात मध्ये येते, तिथे समजूतदारपणाच्या नावाखाली गप्प बसणे म्हणजे अन्यायाला साथ देणे होय.

पाचवे, विश्रांती. पोशीर भागात शिकवणारे जे शिक्षक नेरळ किंवा कर्जतपर्यंत लोकलने येतात, त्यांना पुढे वाहन शोधावे लागते. पावसाळ्यात ओढे भरतात, रस्ते बंद होतात. अशा माणसाला रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर आदेश आणि सकाळी सातला आठवण, हे थांबवता येते. त्यासाठी शासन निर्णय लागत नाही.

करुणा म्हणजे पांघरूण नव्हे

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ऑगस्ट 2024 मध्ये कर्जत मार्गावरच्याच बदलापूरमध्ये एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाला. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. तक्रारीची दखल घ्यायला उशीर झाला आणि 20 ऑगस्टला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले.

'आपल्या माणसाला सांभाळून घेऊ', 'संस्थेचे नाव खराब होईल' असे म्हणत मुलांच्या तक्रारी दाबणे याला करुणा म्हणता येत नाही. ब्रह्मविहार चार आहेत : मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. यातल्या उपेक्षेचा अर्थ दुर्लक्ष नाही. आपला-परका न पाहता समतोल राखणे म्हणजे उपेक्षा. सहकाऱ्याची बाजू ऐकून घ्यायची, पण मुलाच्या सुरक्षेशी तडजोड करायची नाही. मारणारा शिक्षक कितीही जुना असो, कलम 17 त्यालाही लागू आहे. बाबासाहेबांनी प्रज्ञेला शीलाची आणि करुणेची जोड मागितली, कारण यातले एकच घेतले तर ते घातक ठरू शकते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते करुणेच्याही पुढे जाऊन मैत्रीचा आग्रह धरतात. करुणा दुःखी माणसापर्यंत पोहोचते, मैत्री कोणालाच बाहेर ठेवत नाही. शाळेच्या प्रमुखाकडून हीच अपेक्षा आहे. वर्गातले सर्वांत लहान मूल आणि चुलीपाशी बसलेली ताई, दोघेही त्याच्या मैत्रीच्या कक्षेत यायला हवेत.

आपले घर आधी

8 जुलै 1945 रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्या प्रेरणेतून पुढे गावोगावी अनेकांनी शाळा, वसतिगृहे, बालवाड्या काढल्या. यांपैकी आपल्या जवळच्या संस्थेत आज शिक्षकाला काय मिळते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. कागदावर एक पगार आणि हातात दुसरा, प्रसूती रजेवर गेलेल्या शिक्षिकेला परत न घेणे, सहीसाठी कोरे कागद, हे प्रकार जिथे होत असतील तिथे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची छायाचित्रे असली, तरी दोष कमी होत नाही. उलट वाढतो. दुसऱ्याच्या संस्थेवर मोर्चा काढण्याआधी आपल्या संस्थेचा हजेरीपट आणि पगारपत्रक पाहण्याचे धैर्य कार्यकर्त्यांनी दाखवावे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत तर आपल्याला कायद्याने जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. पोशीर, कळंब, कशेळे भागातल्या आणि शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या ज्या तरुण पालकांची मुले या शाळांत आहेत, त्यांनी समितीत जावे. बाकीच्यांनी बाहेरून साथ द्यावी. करण्यासारखी कामे अशी :

- बैठकीत दरवेळी एक विषय शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या अडचणींचा ठेवावा आणि तो इतिवृत्तात लिहावा.
- पोषण आहाराच्या ताईंचे मानधन किती महिन्यांचे थकले आहे ते विचारून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे.
- कातकरी मुलांच्या आधार आणि जन्मदाखल्याची कामे तरुणांनी अंगावर घ्यावीत. त्यामुळे मुलाची नोंद टिकेल आणि शिक्षकही वाचेल.
- टीईटी देणाऱ्या शिक्षकांसाठी विहारातली अभ्यासिका संध्याकाळी खुली करावी.
- तक्रारपेटी महिन्यातून एकदा समितीसमोर उघडावी आणि मुलांच्या तक्रारीवर त्याच दिवशी कारवाई सुरू व्हावी.
- केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत प्रभारी मुख्याध्यापकांसाठी माणसे सांभाळण्यावर एक सत्र मागावे.

यातल्या एकाही कामाला मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो, पाठपुरावा लागतो आणि शिक्षकाकडे 'सरकारी माणूस' म्हणून न पाहता राबणारा माणूस म्हणून पाहावे लागते.

शिक्षक संपावर गेला की 'मुलांचे नुकसान' असा ओरडा होतो. तो खोटाही नाही. पण वर्षभर दबलेल्या, थकलेल्या माणसाच्या वर्गात रोज होणारे नुकसान कोणी मोजत नाही. ज्याला स्वतःला सन्मान मिळत नाही, तो वाडीवरच्या मुलाला सन्मान कुठून देणार? 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र आपण शाळेच्या दारातूनच घेतला. त्या दारामागे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचे दुःख समजून घेणे आणि ते कमी होईल अशी व्यवस्था उभी करणे, हेही धम्माचेच काम आहे. त्याची सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीपासून करूया.

जय भीम! नमो बुद्धाय!