दूधवाल्याकडून धडा

बालमित्रांनो, दादाच्या मोटारसायकलवर तंबू बांधताय? थांबा, आधी माझी फजिती ऐका!

भंडारदऱ्याला जाताना मी तंबू, भांडी, स्टोव्ह सगळं मागच्या कॅरिअरवर उंच रचलं होतं. चढावर पुढचं चाक हलकं झालं, हँडल डगमगू लागलं. तेवढ्यात एक दूधवाला ओरडला, "ओ भाऊ, दोरी लोंबतेय!" ती चाकात गुंतली असती तर?

त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंना सारखेच कॅन, तेही खाली टांगलेले. तुम्हीही तसंच करा. जड वस्तू खाली, सीटजवळ. हलकं अंथरूण वर, सायलेन्सरपासून दूर. दोरीची टोकं आत खोचा. थोडं अंतर गेल्यावर गाठी तपासा.

आणि हेल्मेट? ते मात्र डोक्यावरच बांधायचं, बरं का!