पाचशेचा कागद, सत्तर रुपयांचा प्रश्न



किराणा आणायला गेलात की तुमच्यावर ही वेळ कधीतरी येतेच. बिल होतं अठ्ठेचाळीस रुपये, तुम्ही देता पन्नासची नोट. दुकानदार गल्ल्यात हात घालतात, इकडे तिकडे बघतात आणि दोन रुपयांऐवजी तुमच्या हातावर दोन गोळ्या ठेवतात. ‘सुट्टे नाहीत रे!’ तुम्ही गोळ्या खात खात घरी येता आणि आईला हिशेब देताना चाचरता. हो की नाही?

आता एक गंमत करून पाहा. अशा दहा गोळ्या साठवा आणि त्याच दुकानात जाऊन म्हणा, ‘काका, या दहा गोळ्या घ्या आणि दहा रुपयांचा बिस्किटपुडा द्या.’ काका हसतील, पण पुडा देणार नाहीत. म्हणजे गोळी देताना ती पैसा होती आणि घेताना मात्र ती नुसती गोळी झाली! एकाच बाजूने चालणारा हा पैसा. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजची गोष्ट याच गोळीच्या मोठ्या भावाची आहे. त्याचं नाव गिफ्ट व्हाउचर.

समजा, तुम्ही चिंचपाड्याला राहता. नंदुरबार जिल्ह्यातलं, नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं हे गाव. तुमचे मामा सुरतेला कामाला आहेत. तुम्ही आठवीत चांगले गुण मिळवलेत म्हणून मामांनी एक देखणं पाकीट पाठवलं. आत सुरतेच्या एका मोठ्या दुकानाचा रंगीत कागद. त्यावर छापलंय, ‘रुपये ५००’. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘मुदत सहा महिने. एकाच वेळी वापरावे. शिल्लक रक्कम परत मिळणार नाही.’

तुम्ही खूश. पण लगेच सुरतेला कोण जाणार? पेरणीचे दिवस असतात, मग शाळा, मग सण. पाच महिने उलटल्यावर एकदाचे बाबा तुम्हाला घेऊन गाडीत बसतात. दुकानात तुम्हाला एक दप्तर आवडतं, किंमत ४३० रुपये. उरले सत्तर. काउंटरवरचे दादा म्हणतात, ‘सत्तर परत मिळणार नाहीत. आणखी काहीतरी घ्या.’ सत्तरच्या आत काही मिळत नाही. मोज्यांचा जोड आहे ९९ रुपयांचा. बाबा खिशातून २९ रुपये काढतात. गरज नसलेले मोजे घेऊन तुम्ही परत येता. गाडीभाडं आणि वडापाव वेगळाच!

आता हिशेब मांडू या. मामांनी दुकानाला पाचशे रुपये रोख दिले ते पाच महिन्यांपूर्वी. तेवढे दिवस ते पैसे दुकानाने वापरले. वर तुमच्याकडून २९ रुपये घेतले. समजा तुम्ही मोजे घेतले नसते, तर ७० रुपये दुकानाकडेच राहिले असते. असे शंभर गिऱ्हाईक सत्तर-सत्तर सोडून गेले तर दुकानाला एकही वस्तू न विकता ७,००० रुपये मिळाले. आणि तुम्ही सातव्या महिन्यात गेला असतात, तर? सगळे पाचशे बुडाले असते.

दुकानाची बाजूही ऐकली पाहिजे, एकतर्फी निकाल द्यायचा नाही. दुकानदार म्हणतील, ‘जुना कागद घेऊन कुणी वीस वर्षांनी आलं तर हिशेब कुठे शोधायचा? खोटे कागद छापून आणणारेही असतात. आणि हे व्हाउचर वस्तूंसाठी आहे. प्रत्येकाला रोख द्यायची तर मग व्हाउचर काढायचंच कशाला?’ यात तथ्य आहे. म्हणून काही मुदत असणं आणि पूर्ण रक्कम रोख न मिळणं हे समजण्यासारखं आहे. प्रश्न आहे तो एवढाच, की मुदत किती असावी आणि उरलेले सत्तर रुपये कुणाचे?

माझं मत सांगतो. गावातल्या किराणा दुकानात आजीने पाचशे रुपये आगाऊ ठेवले, तर दुकानदार वहीत ‘जमा’ लिहितो. आजीने ४३० चा माल नेला की सत्तर जमा राहतात. ‘सहा महिने झाले, आता तुमचे सत्तर माझे,’ असं तो म्हणाला तर सगळी आळी गोळा होईल! व्हाउचर म्हणजे अशीच वहीतली जमा आहे. फरक इतकाच, की वही रंगीत आणि गुळगुळीत आहे. दुकान तुमचं देणं लागतं, आणि बारीक अक्षरात छापलं म्हणून देणं फिटत नाही.

आपल्या खिशातली नोटच बघा ना. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन छापलेलं असतं, पण मुदतीची तारीख नसते. सरकारने ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणं बंद केलं, २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या जुन्या नोटा रद्द केल्या. तेव्हाही लोकांना बदलून किंवा बँकेत भरून घ्यायला काही दिवस दिले होते. त्रास खूप झाला, तरी ‘बदलून मिळणारच नाही’ असं पहिल्याच दिवशी कुणी म्हटलं नाही.

मग कायदा काय म्हणतो? इथे जरा नीट लक्ष द्या. व्हाउचर दोन जातींचं असतं. पहिलं बँका किंवा परवानाधारक कंपन्या काढतात आणि ते अनेक दुकानांत चालतं. अशा भेटकार्डांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. २०२१ च्या नियमांत असं आहे की, एका भेटकार्डाची रक्कम जास्तीत जास्त १०,००० रुपये, मुदत किमान एक वर्ष, आणि धारकाने मागणी केली तर मुदत वाढवून द्यायची. दुसरं व्हाउचर एकाच दुकानाचं, फक्त तिथेच चालणारं. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि हे नियमही लागू नाहीत. तुमच्या मामांनी पाठवलेला कागद या दुसऱ्या जातीचा!

इतर देशांनी यावर उपाय केले आहेत. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने भेटकार्डाची रक्कम किमान पाच वर्षं टिकली पाहिजे असं ठरवलं. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून किमान तीन वर्षं, आयर्लंडमध्ये त्याच वर्षापासून किमान पाच वर्षं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने तर २००७ मध्ये बहुतेक भेटकार्डांवरची मुदतच काढून टाकली. तिथली दुकानं काही त्यामुळे बंद पडली नाहीत.

मात्र दुकानच बुडालं तर? तुमच्या आजोबांना कुत्रा आणि ग्रामोफोनचं चित्र असलेल्या तबकड्या आठवत असतील. त्याच चित्राची इंग्लंडमधली एचएमव्ही ही दुकानं जानेवारी २०१३ मध्ये आर्थिक संकटात सापडली. तेव्हा लोकांची भेटकार्डं घेणं थांबलं. खूप ओरड झाली आणि साधारण आठवड्याभराने ती पुन्हा घ्यायला सुरुवात झाली. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

आपल्याकडे ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन त्याचीच आठवण. २०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि २०२० मध्ये तो लागू झाला. त्यात व्हाउचरची मुदत किती असावी याचं वेगळं कलम नाही. पण ग्राहकाचं नुकसान करणाऱ्या अवाजवी अटींना त्यात ‘अनुचित करार’ असं नाव दिलं आहे. तशा करारांच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात.

आणि चिंचपाड्याच्या मुलांसाठी खास गोष्ट! तुमच्या शेजारच्या नवापूर स्टेशनातून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. एकाच बाकाचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. पूर्वी सुरतेच्या दुकानाशी भांडण झालं, तर तक्रारीसाठी बहुतेक वेळा तिकडेच जावं लागे. नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे दुकान बाकाच्या पलीकडच्या टोकाला असलं, तरी तुमची तक्रार नंदुरबारला दाखल होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. त्याआधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

तर सत्तर रुपयांसाठी एवढं करायचं का? आई-बाबा म्हणतील, ‘जाऊ दे रे!’ दुकानाचा फायदा नेमका याच ‘जाऊ दे’वर उभा असतो. प्रत्येकाचं थोडंसंच जातं, म्हणून कुणी बोलत नाही. तेव्हा या आठवड्यात घरातली कपाटं, पाकिटं, जुन्या वह्यांची पानं तपासा. एखादं व्हाउचर सापडलं तर तीन गोष्टी वाचा: मुदत कधी संपते, तुकड्या-तुकड्यांनी वापरता येतं का, शिल्लक कशी मिळते. काही लिहिलंच नसेल तर दुकानात जाऊन विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. विचारायला लाजू नका.

आणि मामांना पत्र लिहून आभार मानायला विसरू नका. त्यांनी दिलेल्या पैशांत त्यांचा घाम आहे. म्हणूनच तर त्यातला एक रुपयाही बारीक अक्षरांत हरवता कामा नये. फक्त शेवटी हळूच लिहा, ‘मामा, पुढच्या वेळी नवापूरच्या दुकानातलं दप्तर चालेल!’

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमचा,
काका