हवा किती भरू?

मुलांनो, पेट्रोल पंपावर तुम्ही कधी ना कधी गेला असालच. हवा भरणारा दादा नळी ओढत येतो आणि विचारतो, "किती टाकू?" गाडीतून उत्तर येतं, "टाका तीस." कुणी म्हणतं, "पस्तीस टाका, उन्हाळा आहे." आणि कुणी तर, "तुम्हीच बघा काय ते!" परवा माझ्या चौथीच्या वर्गातल्या एकानं विचारलं, "बाई, तीस म्हणजे तीस काय?" वर्ग हसला. पण प्रश्न अगदी बरोबर होता, कारण उत्तर घरोघरीच्या मोठ्यांनाही येत नाही.

तीस म्हणजे तीस पीएसआय. हे पीएसआय म्हणजे फौजदारसाहेब नव्हेत बरं का! टायरच्या आत प्रत्येक चौरस इंचावर हवा किती पौंडांचा जोर लावते, त्याचं हे माप. आपल्या मापात ३० पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण २.१ किलो. आता एक गणित करू. छोटी मोटार आणि आत बसलेली माणसं मिळून समजा १००० किलो. चाकं चार, म्हणजे एका चाकावर २५० किलो. २५० ला २.१ नं भागा. आले ना ११९ चौरस सेंटिमीटर? म्हणजे एक चाक रस्त्याला जेवढं टेकतं, ती जागा जवळजवळ पोस्टकार्डाएवढीच! अशा चार कार्डांवर तुमचं सगळं घर ताशी ८० किलोमीटरनं पळत असतं.

हवा २० वर आली, तर तीच जागा दीडपट होते. मग जास्त टेकलं तर चांगलंच की, असं तुम्ही म्हणाल. शेतातल्या ट्रॅक्टरला ते खरंच चांगलं. आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात चाक रुतू नये म्हणून त्याच्या मोठ्या टायरात हवा मोटारीपेक्षा बरीच कमी ठेवतात. पण ट्रॅक्टर हळू चालतो. डांबरी रस्त्यावर वेगात पळणाऱ्या मोटारीचं तसं नाही. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. छोट्या मोटारीचं चाक एका किलोमीटरला साधारण ६०० फेरे घेतं. सोलापूर इथून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे तीस हजार वेळा वाकणं झालं! एखादी तार पुढं-मागं भराभर वाकवून बघा. वाकते तिथं बोटाला चटका बसतो आणि शेवटी ती तुटते.

हे मी पुस्तकात वाचून सांगते आहे असं समजू नका. मागच्या एका मे महिन्यात आम्ही भर दुपारी सोलापूरहून आलो. पंपावर मोजली तर चारी चाकांत ३६. आमच्या गाडीला हवी ३०. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "सहा काढून टाका." दादानं काढली. त्यानंतर महिनाभर मी टायरांकडं पाहिलंही नाही. मग एके दिवशी पंढरपूरच्या वाटेवर गाडी डावीकडं ओढायला लागली. गाडीत सासूबाई आणि दोन्ही मुलं. कशीबशी पंक्चरच्या दुकानाशी नेली. तिथल्या काकांनी मागचा टायर उतरवून आत हात घातला आणि ओंजळ माझ्यापुढं धरली. रबराचा काळा भुगा! "बाई, खिळा बारीकच आहे. पण आधीच हवा कमी, त्यात ही गळती. टायर आतून दळला गेलाय. अजून थोडं पळवली असती, तर फुटलाच असता." सासूबाई काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची तीन चाकं मोजली. प्रत्येकात २४! महिन्याकाठी एखादा पीएसआय आपोआप जातो, तो सोडला तरी बाकीची हवा कुठं गेली?

गेली कुठंच नव्हती. ती मीच काढली होती. करून पाहा: रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा बसवा आणि बाटली गरम पाण्यात उभी करा. (पाणी मोठ्यांनीच ओतायचं.) फुगा उभा राहतो. आत नवी हवा आलेली नाही, आहे तीच तापून जोर लावते आहे. बाटली गार झाली की फुगा मान टाकतो. टायरात तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं, की दाब एक पीएसआयनं वाढतो. आपल्याकडं मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, रस्ता त्याहून तापलेला, त्यात टायरचं वाकणं. दुपारचे ३६ म्हणजे सकाळचे ३०च होते. मी त्यातले सहा काढले आणि रात्री टायर गार झाल्यावर २५ उरले.

म्हणून हवा मोजायची ती गार टायरची. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. पंप लांब असेल, तर घरीच सकाळी खिशातल्या मापकानं मोजा. पेनाएवढा असतो, महागही नाही. २७ भरली तर तीन कमी. मग पंपावर काटा काहीही दाखवो, तिथल्या आकड्यात तीनच वाढवायची.

आणि बरोबर आकडा कोणता? ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी दिसेल. (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागं असते.) पुढच्या आणि मागच्या चाकांचा, थोड्या माणसांचा आणि भरल्या गाडीचा आकडा तिथं असतो. टायरच्या अंगावर ४४ किंवा ५१ असं काही लिहिलेलं असतं, ते वाचून फसू नका. ती टायरची कमाल मर्यादा. तेवढी भरली तर टायर मधेच फुगतो, मधेच झिजतो, गाडी उड्या मारते आणि ब्रेक लावल्यावर पकड कमी मिळते.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. टायर फुटून तिथं इतके अपघात झाले, की २०२३ मध्ये वाटेवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली.

आमच्या घरी आता हे काम धाकटीकडं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दूध घालणारे यायच्या आधी, ती वहीत पाच आकडे लिहिते. चार चाकांचे आणि पाचवा स्टेपनीचा. हा शब्द कुठला, माहीत आहे? वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा! तिथं १९०४ पासून मोटारींसाठी जादा चाकं बनत. तिकडं लोक तो शब्द विसरले, आपल्याकडं राहिला. पहिल्या रविवारी आमच्या स्टेपनीत हवा निघाली १४. तुमच्या गाडीच्या डिकीत वाकून बघा बरं.