सिस्टरबाईंची डायरी : सामाईक नळ आणि आपली बादली

गेल्या वेळी गुडघेदुखीवर लिहिले, तेव्हा एका लहान मुलीने मला तोंडावर सांगितले, "आजी, तुमच्या पानात नेहमी म्हाताऱ्यांचंच असतं." खरे आहे पोरी. म्हणून आज कॉम्प्युटरवर लिहिते. मात्र म्हाताऱ्यांनी पान उलटू नये, कारण विषय तुमच्याच औषधांचा आहे.

माझी थोरली नात दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीत आहे. दर मंगळवारी माझ्याकडे जेवायला येते. एकदा आली ती तोंड पाडूनच. "सफ्ता, आज दिवसभर माझ्या सगळ्या टेस्ट लाल." मला वाटले रक्ताच्या टेस्ट! माझा जीवच उडाला. मग तिने समजावले. प्रोग्रॅमचा आपण लिहिलेला एक तुकडा नीट चालतो का, हे बघायला ती आणखी एक छोटा प्रोग्रॅम लिहिते. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. पास झाली तर हिरवी, नापास झाली तर लाल.

तिचा तुकडा एवढाच : डॉक्टरने औषध लिहिले की त्या पेशंटला त्याची ॲलर्जी आहे का, ते मोठ्या सर्व्हरला विचारायचे, आणि असेल तर नर्सला पडद्यावर इशारा द्यायचा. सर्व्हर एक आणि त्याला विचारणारे प्रोग्रॅम पुष्कळ. त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी सरावाच्या पेशंटची नोंद बदलली आणि हिच्या टेस्ट धडाधड पडल्या. हिच्या कामात एका अक्षराची चूक नव्हती, तरी सारा दिवस चूक शोधण्यात गेला.

ज्यांनी उमरखाडीच्या, माझगावच्या चाळी पाहिल्यात त्यांना हे चटकन कळेल. मजल्याला सामाईक नळ एक. पहाटे बादली लावावी आणि थोड्या वेळाने बघावे तर रिकामी! आता दोष कुणाचा? पाणी गेले, की शेजारच्या मावशींनी मध्येच आपले पिंप लावले, की आपल्याच बादलीला भोक? भांडण ठरलेले. माझी आई हुशार. नवी बादली आणली की रात्रीच पिंपातले चार तांबे पाणी तिच्यात ओतायची आणि खाली जुने वर्तमानपत्र पसरायची. सकाळी कागद कोरडा, म्हणजे बादली चांगली. बादली तपासायला नळ कशाला हवा?

नातसुद्धा तेच करते. खऱ्या सर्व्हरच्या जागी एक नकली बसवते. सिनेमात हिरोऐवजी उडी मारतो ना तो डुप्लिकेट, तसा. जेरार्ड मेसारोस नावाच्या गृहस्थांनी २००७ सालच्या पुस्तकात ह्याला 'टेस्ट डबल' म्हटले, ते सिनेमातल्या डुप्लिकेटवरूनच. त्यातही जाती आहेत. ठरलेली उत्तरे पोपटासारखी देतो तो स्टब. विचारणाऱ्याने प्रश्न नीट विचारला का, तेही तपासतो तो मॉक, म्हणजे तोंडी परीक्षेचे मास्तर. मात्र एक पथ्य आहे. प्रोग्रॅम लिहितानाच असा लिहावा की सर्व्हर त्याला बाहेरून हातात देता येईल. नळ भिंतीत गाडून टाकला तर बदलणार कसा? हे पथ्य पाळले की टेस्ट क्षणात होते, आणि लाल आली तर आधी आपलीच बादली बघायची, शेजारणीवर ओरडायचे नाही.

हे ऐकताना मला संत्रे आठवले. ट्रेनिंगमध्ये पहिले इंजेक्शन आम्ही संत्र्याला दिले. त्याने हात बसतो, सुईची भीती जाते. पण संत्रे कधी हात झटकत नाही. माझ्या पहिल्या खऱ्या पेशंटने झटकला, आणि सुई माझ्याच बोटात गेली.

आता जे सांगते ते घरातही फार कुणाला सांगितलेले नाही. २००३ साल, माझी नाईट ड्युटी. वॉर्डात औषधांचा नवा प्रोग्रॅम येऊन आठवडा झाला होता. आपल्याच एक मावशी न्यूमोनियाने दाखल झालेल्या. डॉक्टरने पेन्सिलीनच्या जातीचे इंजेक्शन लिहिले. पडद्यावर ॲलर्जीच्या जागी लिहिले होते, 'नाही'. सिरिंज भरून मी त्यांच्यापाशी गेले, आणि जुन्या सवयीने मराठीत विचारले, "मावशी, कुठलं औषध अंगाला लागत नाही का हो?" धापा टाकत त्या म्हणाल्या, "पेन्सिलीन नको गं बाय. अलिबागला असताना दिलं होतं, तोंड सुजलं, श्वासच कोंडला." मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. बराच वेळ माझे हात गार होते.

पुढे चौकशीत कळले की त्या रात्री सर्व्हर उत्तरच देत नव्हता. आणि प्रोग्रॅमने 'उत्तर नाही' याचा अर्थ 'ॲलर्जी नाही' असा लावला. तपासणीत कुणाला हे कसे दिसले नाही? तर तपासणीतला नकली सर्व्हर इतका गुणी, की प्रत्येक प्रश्नाला लगेच नीट उत्तर द्यायचा. संत्र्याने हात झटकलाच नव्हता.

नातीला हे सांगितले तेव्हा तिने मला एरियान ५ रॉकेटची गोष्ट सांगितली. मुलांनो, नीट वाचा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरूहून ते पहिल्यांदा उडाले आणि चाळीसेक सेकंदांत त्याचे तुकडे झाले. रॉकेट कुठल्या दिशेला, किती वेगाने चालले आहे हे मुख्य कॉम्प्युटरला सांगणारे एक यंत्र त्यात होते. त्याचा प्रोग्रॅम जुन्या एरियान ४ चा. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, आणि त्याचा आकडा ज्या खणात ठेवायचा त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. पातेले लहान, दूध जास्त. यंत्र बंद पडले. जोडीला दुसरे होते, पण त्यातही तोच प्रोग्रॅम, तेही बंद. बंद पडताना त्याने जे बिघाडाचे आकडे पाठवले, ते मुख्य कॉम्प्युटरने खरी दिशा समजून घेतले आणि रॉकेट वळवले. बेशुद्ध पेशंट बरळतो ते उत्तर म्हणून केस पेपरवर लिहावे, तसे. आणि उड्डाणापूर्वीच्या एकत्र चाचण्यांत ते खरे यंत्र जोडलेच नव्हते. त्याच्या जागी नकली होते.

मी नातीला विचारले, "तुझा नकली सर्व्हर कधी गप्प बसतो का गं? कधी बरळतो का?" ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. तो नेहमी शहाण्यासारखाच वागतो."

पुढच्या मंगळवारी आली ती कोट काढायच्या आधीच बोलायला लागली. तिने आणखी तीन नकली सर्व्हर केले होते : एक मुकाच, एक फार उशिरा बोलणारा, एक वेडेवाकडे बोलणारा. पहिल्या दोघांशी तिचा प्रोग्रॅम नीट वागला. तिसऱ्याने अर्धवट उत्तर दिले, तर पडद्यावर आले 'ॲलर्जी नाही'. टेस्ट लाल. ह्या वेळी चूक तिचीच होती, आणि ती भलतीच खूश! शिवाय आता रोज रात्री, कंपनीत कुणी नसताना, तेच प्रश्न खऱ्या सर्व्हरलाही विचारून त्याची आणि नकलीची उत्तरे जुळतात का, ते बघायचे तिने ठरवले आहे.

"मग आता नीट उत्तर आलं नाही तर पडद्यावर काय येतं?" मी विचारले.

तिने लॅपटॉप उघडून दाखवले. लाल चौकटीत हिब्रूत दोनच ओळी होत्या. 'माहिती मिळाली नाही. औषध देण्यापूर्वी रुग्णाला विचारा.'