भरपाई हवी, सानुग्रह नको

सरकारच्या हातून नागरिकाचा जीव गेला, तर सरकार त्याच्या घरच्यांचे काही देणे लागते की नाही? लोकशाही राज्यात हा प्रश्न विचारण्याचीच वेळ येऊ नये, परंतु स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही आपल्या कायद्याच्या पुस्तकात त्याचे सरळ उत्तर सापडत नाही. सापडते ते ‘सानुग्रह साहाय्य’. दुर्घटना घडते, मंत्री भेट देतात, आकडा जाहीर होतो, धनादेश देतानाचे छायाचित्र प्रसिद्ध होते. तो आकडा कोणी आणि कशावरून ठरविला, हे कोणी विचारीत नाही. अनुग्रह देवाचा किंवा राजाचा असतो. त्याबद्दल हात जोडावयाचे असतात, हिशेब मागावयाचा नसतो. आमचा आक्षेप आहे तो नेमका या शब्दाला आणि त्याच्यामागील वृत्तीला.

या वृत्तीचे मूळ पाहावयाचे तर एका घोड्यापाशी जावे लागते. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या हातून एक अवजड लोखंडी भाग रस्त्यात पडला, त्या आवाजाने एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला व जखमी झाला. कंपनीने साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. १८६१ साली कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निर्णय दिला की, गोदी चालविणे हे खाजगी माणसालाही करता येण्याजोगे काम असल्यामुळे सरकार जबाबदार आहे. जे काम केवळ राज्यसत्ताच करू शकते, त्याबद्दल मात्र दावा चालणार नाही. घोड्याला न्याय मिळाला, पण ‘सार्वभौम कृत्य’ हा अपवाद तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसला तो बसलाच. राज्यघटनेच्या ३०० व्या कलमाने सरकारवर दावा लावण्याचा हक्क दिला खरा, परंतु संसद अथवा विधिमंडळ वेगळा कायदा करीपर्यंत तो पूर्वी होता तेवढाच राहील, असेही त्याच कलमाने सांगून ठेवले. तो ‘पूर्वी’ शोधीत गेले की माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो.

१९४७ साली मीरत येथे पोलिसांनी एका सराफाला अटक करून त्याचे सोने-चांदी जप्त केले. पुढे ज्याच्या ताब्यात ते होते, तो हवालदारच सोने घेऊन पाकिस्तानात पळाला. सराफाने भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला, कारण अटक व जप्ती ही सार्वभौम कृत्ये! निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हे आपल्या साताऱ्याचे. कायदा असाच आहे म्हणून त्यांनी तसा निर्णय दिला, परंतु ही स्थिती समाधानकारक नसून विधिमंडळांनी ती बदलली पाहिजे, हेही त्याच निकालात नोंदविले. विधी आयोगाने तर १९५६ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात तशी शिफारस केलेली होती. साठच्या दशकात विधेयकही लोकसभेत आले. त्याचा कायदा आजतागायत झालेला नाही. ज्या ब्रिटनकडून आपण ‘राजा चुकत नाही’ हे तत्त्व घेतले, त्याने स्वतः १९४७ सालीच कायदा करून ते बव्हंशी सोडून दिले. आपण मात्र उसने घेतलेले अद्याप जपून ठेविले आहे.

याची किंमत मराठी घराने मोजली आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण सुखरूप पार पडले. त्यानंतरच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटात कापडाचा बोळा राहिला आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली. खालच्या न्यायालयाने कुटुंबाला छत्तीस हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. सरकारी रुग्णालय चालविणे हेही सार्वभौम कृत्य ठरले! अखेर फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य करून मूळ हुकूमनामा पुन्हा कायम केला. आईच्या मरणानंतर बत्तीस वर्षांनी छत्तीस हजार. ज्या बाळासाठी ती रुग्णालयात गेली होती, ते बाळ जगले असेल तर तोवर तिशी ओलांडून गेले असेल. बत्तीस वर्षांत रुपयाचे काय झाले, हे वाचकांना सांगावयास नको.

अलीकडे न्यायालयांनी मूलभूत हक्कांच्या आधारे थेट भरपाई देण्यास प्रारंभ केला, हे मान्य केले पाहिजे. रस्त्यातील खड्ड्यांमुळे मृत्यू आल्यास वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, तो स्वागतार्हच आहे. परंतु न्यायालयाची उदारता म्हणजे कायदा नव्हे. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १९९७ साली ५९ माणसे मेली. उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील मृतांसाठी ठरविलेले अठरा लाख २०११ साली सर्वोच्च न्यायालयात दहा लाख झाले आणि दिल्ली महानगरपालिका भरपाईच्या जबाबदारीतून पूर्णपणे सुटली.

भरपाईला कमाल मर्यादा असू नये काय? सरकारी तिजोरी म्हणजे आपलाच पैसा, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याने एका व्यक्तीमागे अडीच लाख डॉलरची मर्यादा कायद्यात लिहून ठेविली आहे. आपल्या रेल्वेनेही तेच केले आहे. अपघाती मृत्यूस १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये. रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही आणि विडी वळणाऱ्या बाईला व डॉक्टरला एकच आकडा. हे आम्हांला समजू शकते, कारण तेथे मर्यादेच्या मोबदल्यात निश्चिती मिळते. (रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांना ‘निश्चिती’ हा शब्द थोडा गोड वाटेल, हे आम्ही जाणतो.) अन्यत्र मात्र मर्यादा आहेत आणि निश्चिती नाही. आकड्याची मर्यादा निदान डोळ्यांना दिसते. मुदतीची व नोटिशीची मर्यादा दावा फेटाळला जाईपर्यंत दिसतच नाही.

सोलापूरकरांपुरते बोलू. महापालिका कायद्याच्या ४८७ व्या कलमान्वये, महापालिकेने अधिकाराच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. राज्य सरकारविरुद्ध दोन महिन्यांची नोटीस. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात केवळ सोलापूरच नव्हे, तर धाराशिव आणि सीमेपलीकडील कलबुर्गी, विजयपूरचेही रुग्ण येतात. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, तेथील रुग्णाला ग्राहक कायद्याचे दार १९९५ च्या निकालापासून बंद आहे. उरतो तो दिवाणी दावा. त्यात मृताचे उत्पन्न सिद्ध करावे लागते. घरी बसून विड्या वळणाऱ्या, चादरीच्या कारखान्यात रोजावर राबणाऱ्या माणसाने उत्पन्नाचा कागद आणावा कोठून? ज्याच्यापाशी कागद नाही, त्याचा जीव कायद्याच्या तराजूत आपोआप हलका ठरतो.

घटनेचे ३०० वे कलम राज्य विधिमंडळालाही कायदा करण्याचा अधिकार देते. दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने सरकारी दायित्वाचा स्वतंत्र कायदा करावा, त्यातून ‘सार्वभौम कृत्या’चा अपवाद युद्ध व तत्सम बाबींपुरता ठेवावा, दोष सिद्ध न करताही मिळणारी किमान रक्कम कायद्यात लिहावी आणि ती रुपयाच्या मूल्याबरोबर वाढत राहील अशी तरतूद करावी. कमाल मर्यादा घालावयाचीच असेल तर तीही तेथेच, उघडपणे, चर्चा करून घालावी. सहा महिन्यांची मुदत निदान दोन वर्षे करावी. सोलापूर शहर व जिल्ह्यातील आमदारांना आम्ही पक्षभेद बाजूस ठेवून विचारतो : येत्या अधिवेशनात हे अशासकीय विधेयक आपल्यापैकी कोण मांडणार?