हात कोणाचा, निर्णय कोणाचा?

१७ एप्रिल २०२२ रोजी जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक असाधारण निर्णय घेतला गेला. चिबा लोत्ते मरीन्स या संघाचा वीस वर्षांचा पिचर रोकी सासाकी याने निप्पॉन-हॅम फायटर्सविरुद्ध आठ डाव चेंडू टाकले होते, आणि त्या आठ डावांत प्रतिपक्षाचा एकही खेळाडू पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोहोचला नव्हता. चौदा फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट केले होते. आदल्याच रविवारी ओरिक्स बफेलोजविरुद्ध त्याने सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद करून ‘पर्फेक्ट गेम’ साधला होता. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९९४ नंतर असा सामना झालाच नव्हता. आता लागोपाठ दुसऱ्या वेळी तोच पराक्रम त्याच्या आवाक्यात आला होता. आणखी तीन फलंदाज बाद व्हावेत आणि सहकाऱ्यांनी एक धाव काढावी, एवढेच उरले होते. तथापि, लोत्तेचे व्यवस्थापक तादाहितो इगुची यांनी नवव्या डावात सासाकीला मैदानावर पाठविले नाही. त्याचे १०२ चेंडू टाकून झाले होते, हे त्यांना पुरेसे वाटले. पुढे दहाव्या डावात लोत्तेने तो सामना ०-१ असा गमावला.

दोन वर्षांनी, ११ जुलै २०२४ रोजी, अमेरिकेत याच नाट्याचा दुसरा प्रयोग झाला. पिट्सबर्ग पायरेट्सचा बावीस वर्षांचा पिचर पॉल स्कीन्स याने मिलवॉकी संघाला सात डावांत एकही हिट मारू दिली नव्हती आणि अकरा जणांना स्ट्राइकआउट केले होते. ९९ चेंडू होताच व्यवस्थापक डेरेक शेल्टन यांनी त्याला बाहेर काढले. पायरेट्सने तो सामना १-० असा जिंकला. निर्णय एकाच जातीचा. एकाला पराभव मिळाला, दुसऱ्याला विजय. तेव्हा निकाल हा अशा निर्णयाचा न्यायाधीश होऊ शकत नाही, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. दुर्दैवाने प्रेक्षक, वृत्तपत्रे आणि संघांचे मालक हे सर्व जण नेमके निकालावरूनच न्याय करीत असतात.

हा प्रश्न इतका बिकट का होतो, हे समजण्यासाठी बेसबॉलचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. क्रिकेटमधील गोलंदाज एका षटकानंतर विसावा घेतो आणि कर्णधाराला वाटले तर तासाभराने पुन्हा चेंडू हाती घेतो. बेसबॉलच्या पिचरला ही मुभा नाही. एकदा त्याला काढले की त्या सामन्यात तो पुन्हा चेंडू टाकू शकत नाही. म्हणजे व्यवस्थापकाचा निर्णय त्या दिवसापुरता अंतिम असतो. चूक सुधारण्याची संधी त्याला मिळत नाही. दुसरीकडे, जोराने चेंडू टाकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जो ताण येतो, तो हा अस्थिबंध कसाबसाच सोसू शकतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा तुटलेला अस्थिबंध त्याच्या दुसऱ्या हातातील स्नायुबंध काढून नव्याने उभा केला. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. ही शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती इतकी सर्रास झाली आहे की तिचे भय उरलेले नाही. तरीही तीतून सावरून मैदानावर परतण्यास साधारणतः वर्ष-दीड वर्ष लागते, आणि पूर्वीचा जोर परत येईलच असे कोणी लिहून देत नाही.

पिचरला काढण्याची कारणे दोन प्रकारची असतात, आणि वादाचा पुष्कळसा गोंधळ ती एकत्र कालविल्यामुळे होतो. पहिले कारण आजच्या सामन्याचे. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना पिचरची चाल उमगते आणि त्यांचे यश वाढते, असे आकडेवारी सांगते. २०२० च्या वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात टँपा बे संघाचे केव्हिन कॅश यांनी याच हिशेबाने ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर काढले. त्याने तोवर दोनच हिट दिल्या होत्या आणि संघ १-० असा पुढे होता. लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच डावात आघाडी घेऊन तो सामना ३-१ असा आणि त्याबरोबर विजेतेपदही जिंकले. येथे स्नेलच्या हाताची काळजी हा मुद्दा नव्हता. हिशेब सामन्याचा होता आणि तो सामन्याच्याच कसोटीवर तपासला जाणे रास्त आहे. दुसरे कारण उद्याचे. आज जिंकण्यासाठी हा पिचरच उत्तम आहे हे मान्य करूनही त्याला थांबवावयाचे, कारण त्याचा हात आणखी पंधरा वर्षे टिकावा. खरी परीक्षा या दुसऱ्या निर्णयाची आहे. त्याचा तोटा त्याच संध्याकाळी सर्वांना दिसतो. लाभ झालाच तर तो अनेक वर्षांनी होतो, आणि तो कोणाला दिसतही नाही. न झालेल्या दुखापतीचे श्रेय कोणाच्याही खात्यावर जमा होत नसते.

पूर्वी असले लाड नव्हते, पिचर सामना सुरू करीत आणि तेच तो संपवीत, असे सांगणारे पुष्कळ आहेत. ते नोलन रायनचे नाव घेतात. रायन सत्तावीस हंगाम खेळला आणि १९९३ साली शेहेचाळीसाव्या वर्षी निवृत्त झाला, हे खरे आहे. परंतु जे टिकले तेच आठवणीत राहतात. १९७६ साली डेट्रॉइटच्या मार्क फिड्रिच या कोवळ्या पिचरने साऱ्या अमेरिकेला वेड लावले होते. २९ सामने त्याने सुरू केले आणि त्यांपैकी २४ स्वतःच पूर्ण केले. त्या वर्षी त्याला १९ विजय मिळाले. पुढच्याच वर्षी आधी गुडघा आणि मग खांदा दुखावला, आणि उरलेल्या साऱ्या कारकीर्दीत त्याला आणखी फक्त दहा विजय मिळाले. शिकागो कब्जच्या केरी वुडने ६ मे १९९८ रोजी, विसाव्या वर्षी, एका सामन्यात वीस स्ट्राइकआउट केले. त्यासाठी त्याने १२२ चेंडू टाकले. १९९९ चा संपूर्ण हंगाम त्याने कोपराच्या शस्त्रक्रियेपायी गमावला. एका सामन्याने हात मोडला असे कोणी म्हणणार नाही. पण कोवळ्या हातावर किती भार टाकावा याचा विचार त्या काळी फारसा कोणी करीत नव्हता, हे नाकारता येत नाही.

या निर्णयात खेळाडूलाच का विचारू नये, असा एक युक्तिवाद केला जातो. हात त्याचा, कारकीर्द त्याची. मग निर्णयही त्याचाच असावा. हा युक्तिवाद आकर्षक आहे. पण ज्याला त्या क्षणी साऱ्या मैदानाचा गजर ऐकू येत असतो, त्या तरुणाकडून तटस्थ हिशेबाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. २०१५ च्या वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीने आठ डावांत कॅन्सस सिटीला एकही धाव दिली नव्हती. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतरचे त्याचे ते पहिलेच वर्ष होते. व्यवस्थापक टेरी कॉलिन्स यांनी त्याला थांबविण्याचे ठरविले होते. हार्वीने हट्ट धरला, प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष केला, आणि कॉलिन्स यांचे मन द्रवले. नवव्या डावात दोन धावांची आघाडी नाहीशी झाली आणि बाराव्या डावात मेट्सने सामना व विजेतेपद दोन्ही गमावले. कॉलिन्स यांचा दोष पराभव पत्करण्यात नव्हता. विचारपूर्वक घेतलेला निर्णय त्यांनी त्या क्षणीच्या भावनेच्या हवाली केला, हा तो दोष होता. ‘मला पुढे खेळू द्या’ असे न म्हणणारा तरुण पिचर सापडणार नाही. तो तसे म्हणतो म्हणूनच तो थोर होतो. त्याला ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी म्हणूनच दुसऱ्या कोणाची तरी असली पाहिजे.

ती जबाबदारी निभावणे किती कठीण असते, हे सासाकीच्याच आयुष्यातील आधीच्या प्रसंगावरून दिसते. २०१९ साली तो ओफुनातो या गावातील शाळेत शिकत होता. जपानमध्ये शालेय बेसबॉलची कोशिएनची राष्ट्रीय स्पर्धा हा एखाद्या राष्ट्रीय उत्सवासारखा सोहळा असतो, आणि १९८४ नंतर ही शाळा तेथे पोहोचली नव्हती. इवाते प्रांताची अंतिम फेरी जिंकली की तो मान मिळणार होता. परंतु सासाकीने त्याच आठवड्यात एका सामन्यात १९४ आणि अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी १२९ चेंडू टाकले होते. शाळेच्या प्रशिक्षकांनी त्याला अंतिम सामन्यात उतरविलेच नाही. शाळा २-१२ अशी हरली. निषेधाच्या दूरध्वनींचा शाळेवर वर्षाव झाला आणि जुन्या पिढीतील नामवंत खेळाडूंनी दूरचित्रवाणीवर नापसंती व्यक्त केली. एका शालेय प्रशिक्षकाने साऱ्या गावाचे स्वप्न एका मुलाच्या खांद्यापुढे गौण मानले, याचे कौतुक करणारे त्या दिवशी थोडेच होते.

त्या प्रशिक्षकाच्या पाठीशी कोणताही नियम नव्हता, हे येथे विसरता कामा नये. १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने याच कोशिएनमध्ये सतरा डावांत २५० चेंडू टाकले आणि त्याची वीरगाथा झाली. त्या परंपरेविरुद्ध एकट्याने उभे राहावे लागत होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जपानच्या शालेय बेसबॉल महासंघाने एका पिचरला आठवड्यात जास्तीत जास्त ५०० चेंडूंची मर्यादा घातली. ही मर्यादा सैल आहे. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला १०५ चेंडूंची मर्यादा सुचविली जाते. तरीही नियमाचे मोल आहे. नियम असला की मुलाला भित्रा ठरण्याचे आणि प्रशिक्षकाला खलनायक ठरण्याचे कारण उरत नाही. भारतीय वाचकाला याची प्रचीती अलीकडेच आली आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचही कसोटी खेळणार नाही, हे आधीच जाहीर झाले होते. त्यावर टीका झाली. पण निर्णय उघडपणे आणि आधी सांगितला गेला असल्यामुळे तो निदान तपासता आला.

मात्र सावधगिरी म्हणजे विमा नव्हे, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१२ साली स्टीफन स्ट्रासबर्गला, तो शस्त्रक्रियेतून नुकताच सावरला होता म्हणून, हंगाम संपण्यापूर्वीच थांबविले. ९८ सामने जिंकणारा तो संघ प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत बाद झाला. २०१९ मध्ये स्ट्रासबर्ग वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्यानंतर दुखापतींमुळे आठच सामने खेळून निवृत्त झाला. इतक्या जपणुकीने वाढविलेल्या सासाकीलाही २०२५ साली डॉजर्सकडून खेळताना खांद्याच्या दुखण्याने काही महिने बाहेर बसावे लागले. यावरून जपणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. खरा बोध असा की मोजमाप अपुरे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने पिचरच्या दुखापतींविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. चेंडूचा वेग वाढविण्याची धडपड, त्याला अधिकाधिक वळण व फिरकी देण्याचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू सर्व शक्ती लावून टाकण्याची सवय, ही कारणे त्यात पुढे आली. ही चढाओढ शालेय वयापासूनच सुरू होते, असेही तो सांगतो. हातचा राखून टाकलेले १२० चेंडू आणि जीव ओतून टाकलेले ८० चेंडू यांत अधिक घातक कोणते, हे नुसता आकडा सांगत नाही.

जे संघ शंभराव्या चेंडूला पिचरला थांबवून आपली सचोटी मिरवितात, तेच संघ सर्वांत वेगवान मुलाला सर्वांत मोठी रक्कम देऊन निवडतात. मुले हे पाहतात आणि त्याप्रमाणे हात झिजवितात. वेगालाच बक्षीस देत राहायचे आणि मग चेंडू मोजायचे, हे वरातीमागून घोडे नाचविण्यासारखे आहे. मर्यादा हवीच. ती आधी ठरलेली हवी, उघड हवी, आणि खेळाडूच्या विनवणीने किंवा गर्दीच्या घोषाने ढळणारी नसावी. पण ती मैदानावर सातव्या-आठव्या डावात सुरू होऊन भागणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला सरावासाठी उभे करताना तिची सुरुवात झाली पाहिजे. शेवटी टाळ्या सर्वांच्या असतात, विजयचषक संघाचा असतो, आणि दुखणारा हात मात्र एकट्याचा असतो. तो हात ज्याच्या स्वाधीन केला आहे, त्याने संध्याकाळच्या धावफलकाकडे पाहून नव्हे, तर त्या मुलाच्या पुढील आयुष्याकडे पाहून निर्णय घेतला, तर सामना हरला तरी त्याला कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.